शेपटीले चिंधीच

संग्रामपूरच्या वरची वस्ती,
१० डिसेंबर १९६३

सत्यभामाबाईस इंद्रभानचा पाया पडून नमस्कार.

जिता आहे. हे आधी लिहून टाकलं, कारण तू म्हणशील, दिवाळी गेली तरी भावाचा पत्ता नाही. मायले एवढंच वाचून दाखव. बाकीचं तुह्यासाठी.

शेगावले एका लॉजवर पाणी भरत होतो. पंधरा दिवस बरं गेलं. मंग एका मिरचीच्या गाडीवर बसलो. काऊन बसलो ते विचारू नको, गाडीवाला गात चांगला होता. सातपुड्याच्या पायथ्याले त्याची वस्ती. वस्तीच्या शाळेसमोरच गाडीचं चाक बसलं. त्यानं चाक बदललं अन् तो गेला. मी राह्यलो. आता यात माह्या काय दोष?

शाळा म्हणजे एक खोली, एक लिंबाचं झाड अन् शालिग्राम गुरुजी. चारी वर्ग एकटेच हाकतात. मी झाडाखाली बसून मोडक्या टोपल्याची एक कामटी चाकूनं तासत होतो. काम काही नाही, हाताले चाळा. गुरुजी आले अन् म्हणाले, "पतंग येते का बे करता?" माह्या तोंडून हो निघून गेलं. सहा वर्षं मी पतंगीले हात लावला नाही, हे तुले माहीत आहे. पण हो निघालं.

त्यांची अडचण अशी की हस्तकलेचा तास घ्या म्हणून वरून कागद आला, सामान आलं नाही. म्हणाले, "टाकाऊ वस्तूंचं काही शिकवा. संक्रांतीपर्यंत जेवण माह्या घरी." मी पोट्ट्यांले सांगतलं, घरात जो कागद कोणाच्याच कामाचा नाही तो आणा. बाई, काय काय आलं म्हणून सांगू! किराण्याच्या पुड्या, मागच्या सालचं पंचांग, निवडणुकीचं पोस्टर (उमेदवाराचं नाक बरोबर कमानीवर आलं), अन् गुरुजींनी दिले जुने परीक्षेचे पेपर. एका पोट्ट्याची पतंग त्याच्याच गणिताच्या पेपरची, मधोमध लाल भोपळा. सगळ्यात उंच तीच गेली. गुरुजी म्हणे, "पास झाला एकदाचा."

कामट्या मोडक्या टोपल्यांच्या, दोरा सरकीच्या पोत्यांच्या शिलाईचा, खळ ज्वारीच्या पिठाची. पहिला धडा कागद ओळखायचा. कागद हाती आला की आधी कोपरा फाडून पाहायचा. सरळ चिरत गेला तर ती त्याची उभी बाजू, पतंगीचा कणा तिकडं धरायचा. वाकडा फाटला तर कागद फिरवायचा. आता माह्या हाताले अशी सवय लागली की कोणी कागद दिला की कोपरा गेलाच समज. गुरुजी हजेरीपट कुलपात ठेवून राह्यले.

दुसरा नियम, शेपटीले कागद लावायचा नाही, चिंधीच लावायची. पोट्टे विचारतात, काऊन? मी म्हणतो, कागदाची शेपटी भारी होते. तानु नावाची एक पोट्टी आहे, चौथीतली, भलती शहाणी. ती म्हणे, "चिंधी तर कागदाहून भारी असते." मी म्हणलं, "तू गप बस."

पत्ता शाळेचाच टाक. रामरावदाजीले नमस्कार. मायचे डोळे कसे आहेत?

तुह्या
इंद्रभान

*

जानेफळ,
१९ डिसेंबर १९६३

चि. इंद्रभान यास बहिणीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू म्हणतोस एवढंच वाचून दाखव, पण मायचं त्यानं भागत नाही. सासर-माहेर एकाच गावात असल्यानं रोज दुपारी मी तिच्याकडे असते, म्हणून पाहते. जानराव पोस्टमन ओट्यापाशी आला की तिचा हात आधीच पुढं. मोतीबिंदूनं आता तिले उजेड तेवढा कळतो. म्हणून ती पत्र बोटांनी चाचपते, एकेक कोपरा. चार भरले की म्हणते, "हायेत चारी. वाच आता." मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो, तसं पत्र वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, एवढं तिच्या बोटांत मुरलं आहे. मी एकदा म्हणलं, "माय, असं काही असलं तर जानराव सांगणार नाही का?" तर म्हणाली, "जानरावले सांगायचं तेवढं त्यानं सांगतलं." म्हाताऱ्या माणसाचं काही कळत नाही.

तुझी ती कोपरे फाडायची कला मी तिले वाचून दाखवली नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. या दिवाळीले माणिकभाऊची खबर बंद होऊन सहा वर्षं झाली. भुसावळले रेल्वेच्या लाइनीवर कामाले गेला, दिवाळीले एक पत्र, मंग काहीच नाही. आमच्या घरचे दोनदा भुसावळले जाऊन आले, ठेकेदारच बदललेला. तिसऱ्यांदा निघाले तर मायनंच अडवलं. म्हणाली, "राहू द्या जावईबापू. ज्यानं सांगायचं तो सांगंल." दर संक्रांतीले ती तिळाचे दोन लाडू बाजूले काढते, एक त्याचा अन् एक तुझा. तुझा माझी लेकरं खातात. त्याचा ती कोणाले देत नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात नसतो. कुठं जातो, मले माहीत नाही.

एक विचारते. तू अन् तो एका ताटात जेवणारे. मंग तुझ्या एकाही पत्रात त्याचं नाव काऊन नसते? मायनं हे कधी विचारलं नाही. मी विचारते.

संक्रांतीले ये. गाड्यांवर कमी बस.

सत्यभामा

*

वस्ती,
१ जानेवारी १९६४

बाईस नमस्कार.

तुह्यं पत्र खिशात घालून दहा दिवस फिरून राह्यलो. मधी दोन दिवस डोंगरात गेलतो, बांबू मिळते का पाहाले. बांबू मिळाला नाही, एक माणूस मिळाला, मोहळाचा मध काढणारा. त्याच्या गोष्टी सांगत बसलो तर हे इनलँड पुरणार नाही.

तू जे विचारलं त्याचं उत्तर देतो. पण आधी इथं काय झालं ते सांगतो.

परवा तानुनं एक कार्ड आणलं. पोट्ट्यांनी आणलेला कागद मी न पाहता हाती घेतो, बोटं आपसूक कोपऱ्यावर जातात. गेली, तर कोपरा नाही. पोट्टे मलेही गुरुजीच म्हणतात. तानु म्हणते, "गुरुजी, हे म्या घरूनच आणलं, याचा कोपरा आधीच फाडेल हाये!" मोठ्या ऐटीत. तिले वाटलं माह्यं काम वाचवलं.

मी ते खाली ठेवलं. जुनं होतं, पिवळं पडलेलं, शाई फुटलेली. वाचलं नाही. बाई, भर दुपार होती, पोट्टे कालवा करून राह्यले होते, अन् मले फक्त एक आवाज येत होता. कार्ड वाऱ्यावर धरलं की फडफडते ना, तो. खाली तर ते चूप पडून होतं.

संध्याकाळी तिच्या आजीले नेऊन दिलं. अन्नपूर्णाबाई नाव. मिरच्या निवडत बसली होती. कार्ड पाहून तिनं आधी तानुच्या पाठीत एक धपाटा घातला, मंग ते पदरानं पुसलं. मी म्हणलं, "आजी, असं कार्ड घरात ठेवत नाहीत."

"मले शिकवतं का बे? तुह्यापेक्षा जास्त मयती पाह्यल्या म्या."

"मंग फाडलं काऊन नाही?"

"पोराचं हाये. फाडलं का माह्या हातानं मेला तो. तोवर हा निरा कागद हाये." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "तुह्या घरी आलं का कधी असं?"

मी म्हणलं, "नाही." अन् पाणी न पिताच उठलो.

तर बाई, तू माणिकभाऊचं विचारलं. मी सांगणार आहे. पण तानु इथं येऊन उभी राह्यली. तिची पतंग लिंबात अडकून भोकसली, ठिगळाले कागद पाह्यजे, हात पुढं करून उभी. कागद सगळा संपला. थांब जराशी.

हं. दिला. लहानसंच भोक होतं.

वारं चांगलं सुटलं आहे. पोट्टे बोलावून राह्यले. डाकवाला पण निघाला, म्हणून इथंच थांबतो. पुढच्या पत्रात नक्की.

इंद्रभान

*

जानेफळ,
७ जानेवारी १९६४

इंद्रभान,

हे काय केलंस ते आधी सांग.

काल दुपारी तुझं इनलँड आलं. जानरावनं ते मायच्या हाती दिलं नाही, माझ्याकडं धरलं, अन् माझ्या नजरेले नजर दिली नाही. पण मायनं हात लांबवून घेतलंच. एक कोपरा, दोन, तीन. मंग तिची बोटं फाटलेल्या कडेवरून पुढं-मागं फिरत राह्यली, जशी काही चौथा कोपरा कुठं सांडला ते शोधून राह्यली.

मले विचारलं, "अक्षर कोणाचं?"

मी म्हणलं, "इंद्रभानचं."

तशी म्हणाली, "मंग माणिक गेला. फाड."

मी म्हणलं, माय, वाचू तर दे. तर म्हणे, "वाचाचं काय त्यात. फाड." अन् लुगड्यासकट मोरीत जाऊन थंड पाण्यानं न्हाली. मी फाडलं. काय फाडून राह्यले तेही कळलं नाही. तुकडे वाऱ्यानं ओट्याखाली गेले. एक तुळशीपाशी सापडला, त्यावर फक्त "लहानसंच भोक होतं" एवढं आहे. कशाचं भोक? कोणाले?

भटजींनी सांगितलं, उशिरा कळलेल्याचं सुतक तीनच दिवसांचं. माय म्हणाली, "मी पूरं पाळीन. तेरवी अठराले." सगळं गाव येऊन बसून जाते. मले विचारतात, कसा गेला, कुठं गेला? मी काय सांगू?

मी तुले ओळखते. तुझी ती कोपरे फाडायची सवयही तूच मले लिहिली. हे चुकून झालं असेल तर एका ओळीचं पत्र टाक. मी मायचे पाय धरून सांगेन की तो खेळ होता पोरांचा.

पण इंद्रभान, एक लिहिते. काल माय झोपली. सहा वर्षांत मी तिले अशी झोपलेली पाहिली नाही. तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखी. मी तिच्या उशाशी बसून होते अन् मनात म्हणत होते, देवा, इंद्रभानचं उत्तर लवकर येवो. अन् लगेच म्हणत होते, नको येवो.

खरं काय ते लिही.

सत्यभामा

*

वस्ती,
१० जानेवारी १९६४

बाईस,

कोपरा पोट्टीच्या पतंगीले लागला. खरं आहे. अन् माणिकभाऊ गेला, हेही खरं आहे.

सहा वर्षांआधीची संक्रांत. दुपारी मी ओढ्याकडून येत होतो. वाटेत जानराव भेटला, त्यानं कार्ड दिलं. म्हणाला, "आधी तू वाच. मंग घरी जाय." गँगच्या मुकादमाचं होतं. माणिक तापानं वारला, आम्ही अग्नी दिला, पेटी ठेवली आहे, कळावे. चार ओळी. पेटीत काय होतं ते मी अजून मनात उघडून पाहतो.

घरी आलो तर माय ओट्यावर तीळ कुटत होती. म्हणाली, "काय देलं जानरावनं?" मी म्हणलं, "काही नाही." माह्या मनात एवढंच होतं की तिळगूळ तर खाऊ दे तिले. संध्याकाळी सांगू.

घराच्या धाब्यावर चढलो. तिथं त्यानंच जाताना करून ठेवलेली पतंग होती, निळी. म्हणाला होता, "संक्रांतीले मी नसलो तर तू उडव. एका अंगाले झुकते, शेपटी लाव." माह्या हातात कार्ड. फाडू म्हणलं तर हात होईना. घरात ठेवता येत नाही. मी ते शेपटीले बांधलं अन् पतंग सोडली. अशी सरळ गेली, बाई, जराही झुकली नाही. कार्ड मागं फडफडून राह्यलं होतं. सगळा दोरा दिला. मंग हातातून सोडून दिला. मेहकरच्या अंगाले गेली. खालून पोट्टे ओरडले, "कटली! कटली!"

संध्याकाळी वाटलं, उद्या सांगू. तो उद्या मोठाच होत गेला. मायचं तोंड पाहवेना, म्हणून घरातून निघालो. लोक समजतात, याले फिरायचा नाद आहे.

तेव्हापासून कुठंही पतंग दिसली की मी आधी शेपटी पाहतो. शेगावच्या तारेवर पाह्यली, भुसावळच्या गाडीतून पाह्यली. कधी ना कधी ते कार्ड माह्यापुढं उतरणार, अन् त्यावर आता चारहून जास्त ओळी असणार, असं वाटते. पोट्ट्यांले चिंधी लावायले लावतो ते यासाठी. अन् तो कोपरा मी कामाच्या सवयीनं फाडला, का माह्या हातानं माह्या तोंडाची वाट पाहणं सोडलं, ते मले ठरवता येत नाही.

आता तू मायले हे सगळं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नको. तिले सांग, तिचा एक पोरगा तापानं गेला अन् दुसऱ्यानं तिले सहा वर्षं वाट पाहाले बसवलं. तिनं ये म्हणलं तर तेरवीले येईन, केस देईन. नाही म्हणलं तर पुन्हा जानेफळची वाट धरणार नाही. गुरुजींकडं तिच्या उत्तरापर्यंत थांबतो. थांबणं मले येत नाही, पण थांबतो.

याचा कोपरा मी मुद्दाम फाडला आहे. या वेळेस वाचून फाड.

इंद्रभान

*

जानेफळ,
१३ जानेवारी १९६४

इंद्रभान,

वाचलं. एकही ओळ गाळली नाही. वाचताना दोनदा मीच थांबले, तर माय म्हणे, "पुढं." शेवटी मले म्हणाली, "कागद घे. मी सांगते तसं लिव्ह. सुधरू नको." तर हे तिचं आहे:

"इंद्रभान, मले दुसऱ्याच दिवशी मालूम पडलं. जानराव तिळगूळ घ्याले आला अन् म्हणे, माय, लय वाईट झालं. मी म्हणलं, काय झालं? तो चपापला. मंग सांगतलं त्यानं. मी त्याले शपथ घातली, कोणापाशी बोलशीन नको. म्हणलं, सोळा वर्षाचं पोरगं, त्याच्या घशात अडकलं. आज ना उद्या सांगंल. मी रडली असती तर तुले समजलं असतं का तुह्यं खोटं मले मालूम हाये, मंग तू माह्यापुढं उभा राह्यला नसता. तर तसाही कुठं राह्यला? गेलाच निघून.

"त्याचा लाडू मी दर साली ओढ्यावर कावळ्याले घालत आली. एका सालीही कावळा शिवला नाही. म्हणलं, शिवंल कसा, याच्या भावानं अजून सांगतलं नाही ना.

"कोपरे मी माणिकसाठी नव्हती चाचपत. तो तर गेलता. तू जिता हायेस का, ते पाहत होती. त्या दिवशी तीनच भरले, तर म्हणलं, हाही गेला. बाई म्हणाली अक्षर तुह्यंच, तवा समजली. आज बोलला.

"ये. केस इथं दे. लोकाइच्या न्हाव्याकडं देशीन नको."

एवढं तिचं. आता माझं. तुम्हा दोघांले माहीत होतं. जानरावले माहीत होतं. मी त्याची बहीण, सहा वर्षं देवाले दिवा लावत होते की तो जिता घरी यावा. मी हे विसरणार नाही. तेरवीचा स्वयंपाक मात्र मीच करीन, अन् तुझं ताट त्याच्या नैवेद्याच्या शेजारी मांडीन. तू ये अन् खाऊन दाखव.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मायनं चारी कोपरे चाचपले. एक दुमडला होता, तो बोटानं सरळ केला.

सत्यभामा

*

खामगाव, मोटारस्टँड,
१६ जानेवारी १९६४

बाईस,

पत्र सकाळी मिळालं. गुरुजींनी एस.टी.त बसवून दिलं. कुठं उतरलो नाही. शेगावले मोटार अर्धा तास थांबली, खाली एक जण माकड नाचवून राह्यला होता, तरी उतरलो नाही. हे कार्ड मेहकरची मोटार लागेपर्यंत लिहितो.

निघताना तानु पळत आली. तिच्या पतंगीवरचं ठिगळ काढून आणलं होतं, खळीनं कडक झालेलं, निळा कोपरा. म्हणे, "गुरुजी, आजी म्हणते याचं हे याले वापस दे." ते माह्या खिशात आहे. मायच्या हाती देईन, फाडायचं तर तिनं फाडावं.

स्टँडासमोर तारेवर एक पतंग अडकली आहे, परवाच्या संक्रांतीची. खूप वेळ तिकडं पाठ करून बसलो. आवाज येतच होता. मंग उठलो, पार तारेखाली गेलो अन् वर पाह्यलं.

शेपटीले चिंधी होती. कोणाच्या तरी जुन्या लुगड्याची, हिरवी. निरी चिंधी.

मोटार लागली. मी या कार्डाच्या आधीच पोचीन. तरी हे येईल तेव्हा जानरावले सांग, तुह्या हाती न देता मायच्याच हाती दे म्हणा. कोपरे तिले मोजू दे. मी शेजारीच बसलो असेन, पण मोजू दे.

इंद्रभान